लेकीला हाक कशी मारावी

आमच्या टेंभुर्णीत त्या काळी बापानं स्वतःचं लेकरू वडीलधाऱ्यांसमोर उचलून घ्यायचं नाही, असा रिवाज होता. भावाचं पोरगं घ्यावं, बहिणीचं घ्यावं, शेजाऱ्याचंही घ्यावं; पण आपलं लेकरू मांडीवर घेतलं की या माणसाला लाज उरली नाही असं समजत. मीही तो रिवाज दोन वर्षं पाळला. माझी थोरली मुलगी चालायला लागली तेव्हा माझ्या धोतराचा सोगा धरून उभी राहायची. समोर ओट्यावर आबा, म्हणजे माझे वडील, बसलेले असले की मी तिचा हात हळूच सोडवून गोठ्याकडं निघून जायचो. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

हा रिवाज मोडला तो बायकोच्या दुखण्यामुळं. दिवाळीनंतर तिचं दुसरं बाळंतपण झालं, मुलगा झाला, आणि आठवड्याच्या आत तिला ताप भरला. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. माझी आई आधीच वारली होती, म्हणून सासूबाई जाफराबादहून येऊन राहिल्या. बाळंतीण, तान्हं पोर आणि चूल यांतून त्यांना उसंत नव्हती. दोन वर्षांची थोरली मात्र कोणाच्याच वाट्याला आली नाही. दिवसभर अंगणात बसायची, आईच्या खोलीच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारायची. आत घेत नसत, मग तिथंच उंबऱ्याला डोकं टेकून झोपी जायची.

एका सकाळी मी मोट हाकायला मळ्यात निघालो तर ती त्या उंबऱ्यापाशी उताणी पडून छपराच्या लाकडी सरांकडं बघत होती. रडत नव्हती, काही मागत नव्हती. मला ते सहन झालं नाही. मी तिला उचललं, खांद्यावर बसवलं आणि ओट्यासमोरूनच निघालो.

आबा म्हणाले, "कुठं घेऊन चालला तिला?"

"मळ्यात."

"घरातल्या बायका काय करून राह्यल्या?"

"एक आजारी हाये, दुसरी तिचं करून राह्यली. तिसरी कोणी न्हाई."

"गाव बघतंय."

"बघू द्या," मी म्हणालो. त्यांना उलटून बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनी दोन दिवस माझ्या हातचं पान घेतलं नाही.

त्या दिवसापासून ती रोज माझ्याबरोबर मळ्यात यायची. गव्हाला पाणी द्यायचं होतं. विहिरीच्या काठच्या उतारावरून बैल खाली गेले की चामड्याची मोट भरून वर यायची आणि थारोळ्यात पाणी ओतायची. तिथून ते पाटानं गव्हाकडं धावायचं. पाण्याचा लोट आला की ती पाटात पाय सोडून बसायची. मी जोंधळ्याच्या ताटाचा गाभा सोलून तिला बैलगाडी करून दिली होती, तिची चाकं दिवसातून दहा वेळा मोडायची आणि दहा वेळा मी नवी करायचो. बैलांना विसावा दिला की मी तिला घेऊन बांधावरून फिरायचो. हा बैल, ही तूर, हा होला, ही मुंगी. मी एक एक दाखवून नाव सांगायचो आणि ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघायची. एवढं नीट ऐकणारं लेकरू मी पाहिलं नव्हतं, असं मला वाटायचं. पण ती एकही नाव परत म्हणायची नाही. 'बाबा', 'मामा' असे काही आवाज काढायची, तेही कोणाला उद्देशून नाही.

मी बैल घेऊन उताराच्या खालच्या टोकाला होतो तेव्हा ते घडलं. विहिरीच्या काठावर एक होला उतरला होता आणि पोरगी त्याच्या मागं निघाली होती. तिची पाठ माझ्याकडं. मी हाक मारली. मग ओरडलो. शेजारच्या वावरातला माणूस तुरीतून उठून उभा राहिला, एवढ्या मोठ्यानं ओरडलो. तिनं मान वळवली नाही. कासरा टाकून मी धावत सुटलो आणि काठापासून हातभर अंतरावर तिचं झबलं माझ्या मुठीत आलं. ती घाबरली नाही. माझ्याकडं बघून हसली आणि उडालेला होला बोटानं दाखवला.

मी तिला घेऊन बराच वेळ खाली बसून राहिलो. मग एक रिकामा डबा आणि दगड घेतला. ती गाडीशी खेळत असताना मागं जाऊन डबा वाजवला. पुन्हा वाजवला. लांब झाडावरचे कावळे उडाले. ती चाक बसवण्यात गुंग होती.

संध्याकाळी मी बायकोच्या खाटेपाशी गेलो. त्या दिवशी ताप कमी होता. सासूबाई चुलीपाशी होत्या. मी म्हणालो, "आपल्या पोरीला ऐकू येत न्हाई."

तिनं तान्ह्याचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मला ठावं हाये."

"कधीपासून?"

"गेल्या पोळ्यापासून. बैलांपुढं डफडं वाजवत गेले. हिच्या कानापाशी वाजलं, तरी ही झोपेतून उठली न्हाई."

"मंग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं? तुम्ही तर तिला घेतसुद्धा नव्हता." असं म्हणून ती भिंतीकडं वळली.

ती रागानं बोलली नव्हती. पण इतके महिने तिनं हे एकटीनं पोटात ठेवलं होतं. लोकांना कळलं तर मुकी म्हणतील, नाव पडेल, म्हणून ती पोरीला चारचौघांत पाठवायचीच नाही. कोणी हाक मारली तर हीच पुढं होऊन उचलून घ्यायची. मी तिला म्हणालो, "आता मी घेतलंय. आता ती जिथं मी जाईन तिथं येईल. लपवायचं न्हाई."

आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी नवस बोलायला सांगितलं. नवस बोललो. सासूबाईंनी लसूण घालून तेल कोमट केलं आणि महिनाभर कानात सोडलं. पोरगी ओरडायची, हातपाय झाडायची. महिना झाला त्या दिवशी मी तेलाची वाटी उचलून ठेवून दिली आणि म्हणालो, बस झालं.

होळीनंतर ज्वारीची कापणी उरकली आणि मी गाडी जुंपून तिला जालन्याला डॉक्टरकडं घेऊन गेलो. वाटेत एक मुक्काम पडला. डॉक्टर वयस्क होते, घाई करणारे नव्हते. त्यांनी कानात उजेड टाकून बघितलं, घंटी वाजवली, टाळ्या वाजवल्या, तिला मांडीवर घेऊन तिच्या हनुवटीला हात लावला. मग मला म्हणाले, "कानात दोष दिसत नाही, आतली नसच जन्मापासून काम करत नसावी. औषध नाही. कोणी औषध देतो म्हणाला तर घेऊ नका."

मी विचारलं, "मंग मी काय करू?"

"मुलगी हुशार आहे. तिच्याशी बोला."

"तिला ऐकू येत न्हाई म्हणूनच तर आलो, साहेब."

"तरीही बोला," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मला त्या उत्तराचा राग आला. बाहेर येऊन जुन्या जालन्यात तिला रेवड्या घेतल्या, आणि इतक्या लांब आलोच आहोत तर आगगाडी दाखवू म्हणून रुळाकडं गेलो. फाटक लागलेलं होतं. गाड्या, बैल, माणसं खोळंबली होती, गलका चालला होता. मी तिला खाली सोडलं तशी ती उकिडवी बसून दोन्ही तळवे मातीवर टेकून खेळायला लागली. एकाएकी ती थांबली. आपल्या हातांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग माझं बोट ओढून माझा हात मातीवर दाबला. मला काहीच कळलं नाही. शिटी ऐकू आली नव्हती, धूर दिसत नव्हता. पण ती डोळे मोठे करून माझा हात दाबतच राहिली. थोड्या वेळानं लांबून शिटी आली आणि मग गाडी आली. इंजिन समोरून गेलं तेव्हा बाकीची पोरं आयांना बिलगली. ही दोन्ही पाय रोवून उभी होती आणि अंग हलवून हसत होती.

परतीच्या वाटेवर ती गाडीत माझ्याकडं पाठ करून बसली होती. मी गाडीच्या फळीवर मुठीनं दोनदा ठोकलं. तिनं मान वळवली. थोड्या वेळानं पुन्हा ठोकलं. पुन्हा वळली, आणि या वेळी तिला तो खेळ कळला. टेंभुर्णी येईपर्यंत आम्ही तेच केलं. मी ठोकायचो, ती वळायची. मग ती ठोकायची आणि मी वळायचं. मी जाणूनबुजून वळलो नाही की माझ्या पाठीत गुद्दा बसायचा. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला माझ्या लेकीला हाक मारता आली होती.

घरी आल्यावर मी हट्टालाच पेटलो. घरात धान्याची मोठी लाकडी पेटी होती. तिच्यावर तिला बसवून मी मागून ठोकायचो. ती वळली की तिच्या हातात शेंग द्यायचो. अंगणातली जमीन मातीची, तिथं पाय आपटून भागायचं नाही. मग तिच्या समोर छोटा खडा टाकायचा, किंवा उन्हात माझी सावली तिच्यावर पडेल असं उभं राहायचं. मळ्यात दुरून बोलवायचं तर डोक्याचा रुमाल काढून हलवायचा. पण त्यासाठी तिनं मधूनमधून माझ्याकडं बघितलं पाहिजे. ते शिकवायला पुरा एक महिना गेला. ती दहा पावलं गेली की मी तिला थांबवायचो, तिची मान माझ्याकडं वळवायचो, रुमाल हलवायचो आणि मगच पुढं जाऊ द्यायचो. रोज, न चुकता. ती चिडायची, मातीत लोळायची, माझ्या हाताला चावायची. मी तिला लोळू द्यायचो आणि शांत झाली की पुन्हा पहिल्या पावलापासून सुरू. विहीर माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

बायको हळूहळू उठून बसायला लागली होती. ती म्हणायची, "किती तरास देता तिला."

"मी मेल्यावर तिला कोण धरंल?" मी म्हणायचो. एक दिवस मी बघितलं तर तीही खाटेच्या लाकडी माच्यावर ठोकून पायथ्याशी बसलेल्या पोरीला बोलावत होती.

वस्तूंच्या खुणाही आम्हीच काढल्या. बैल म्हणजे डोक्याला दोन बोटं. भाकरी म्हणजे थापायची खूण. आजोबा म्हणजे गालावरून मिशा पिळायच्या. काही तिच्याच होत्या. तान्ह्या भावाची खूण म्हणून ती नाक मुरडायची, कारण तो दिवसभर कपडे भिजवायचा.

पावसाळ्याच्या तोंडावर बाजाराच्या दिवशी मी तिला घेऊन गेलो. बियाण्याची ज्वारी हातावर घेऊन बघत होतो, तेवढ्यापुरतं बोट सोडलं. मान वर केली तर पोरगी नाही. बाजार भरात होता. दुसरा कोणी बाप असता तर नाव घेऊन ओरडला असता. मी उभा राहिलो आणि विचार केला, जमीन हादरते तिथं ती जाईल. धावत लोहाराच्या भात्याकडं गेलो. घण चालू होता. ती तिथं नव्हती. तेल्याच्या घाण्याकडं गेलो, तिथंही नव्हती. मी स्वतःला फार शहाणा समजत होतो, तो शहाणपणा तिथं संपला. मग सगळ्या बाजारात वाकून, पालांच्या खाली, गाड्यांच्या चाकांमागं बघत फिरलो.

ती सापडली बांगडीवालीपाशी. उतारवयाची मुसलमान बाई होती, गावोगावच्या बाजारात बसायची. माझ्या पोरीच्या हातात तिनं हिरव्या बांगड्या चढवल्या होत्या आणि तिचं मनगट आपल्या हातात घट्ट धरून ठेवलं होतं. मी पोचलो तशी माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमारीच है ना? मला वाटलंच, हिला शोधत कोणी तरी येणार. म्हणून सोडली न्हाई."

"तिला ऐकू येत न्हाई," मी म्हणालो. बाजारात, परक्या माणसासमोर, हे मी पहिल्यांदा बोललो.

"मालूम है. येताच वळखली. माझा भाऊ असाच हाये."

"असाच म्हंजे?"

"बिलकुल असाच. अंबडला बांगड्याचं दुकान त्योच चालवतो. दोन लेकरं हायेत, दोन्हीबी बोलतात." तिनं बोलता बोलता पोरीच्या हाताला टिचकी मारली, स्वतःच्या बांगड्या दाखवल्या आणि मनगटाभोवती बोट फिरवलं. माझ्या पोरीनं लगेच तसंच बोट फिरवलं. "देखा? आमच्या अम्मानं त्याला घरात कोंडला न्हाई. जे काम हातात, ते त्याला दाखवत जायची. चिल्लाके कुछ नै होता, भाई. दिखाव."

मी तिथंच पालाखाली बसलो. तिला गिऱ्हाइकं होती, तरी तिनं मला उठवलं नाही. तिचा भाऊ गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, उद्या आणि काल कसं दाखवतो, राग आला तर काय करतो, सगळं मी विचारून घेतलं. काल म्हणजे हात खांद्यावरून मागं टाकायचा, उद्या म्हणजे पुढं. तोपर्यंत मी पोरीला फक्त समोर असलेल्या वस्तू दाखवत होतो. समोर नसलेली गोष्टही सांगता येते, हे मला त्या बाईनं शिकवलं. घरी येऊन मी त्याच दिवशी पोरीला सांगायला बसलो की उद्या मामा येणार. तिला काही समजलं नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला, मामा खरंच येऊन गेल्यावर, ती हात पुढं टाकून मिशा नसलेला, टोपी घातलेला माणूस दाखवायला लागली. मामा पुन्हा कधी येणार, असं ती विचारत होती.

आबांचं मन वळलं ते कधी, हे मला नीट सांगता येणार नाही. ते ओट्यावर बसायचे आणि आमचे खेळ बघायचे, पण मध्ये पडायचे नाहीत. पुढच्या हिवाळ्यात मी मळ्यातून परतलो तेव्हा ओट्यावर दोघंच होते. पोरगी मिशा पिळून दाखवत होती आणि मग तोंडाशी काही तरी करत होती. आबा मला बघून म्हणाले, "ही मला काय म्हणून राह्यली? मिशा म्हंजे मी, ते समजलं. पुढचं समजत न्हाई."

मी बघितलं. "तुम्ही झोपेत घोरता म्हणते."

"तिला ऐकू येत न्हाई, मंग घोरणं कसं समजलं?"

"तुमच्या छातीवर झोपती ना दुपारी."

आबांनी मान खाली घातली. दुपारी ते नातीला छातीवर घेऊन झोपतात हे मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. थोड्या वेळानं विचारलं, "घोरण्याला काय करायचं म्हणे? दाखव बरं एकदा बराबर." त्यानंतर तेच तिला बाजारात न्यायला लागले. कोणी विचारलं तर सरळ सांगायचे, "कान न्हाईत तिला, पण अक्कल तुझ्यापेक्षा जास्त हाये." पानवाल्याला, शिंप्याला त्यांनी आठ-दहा खुणा शिकवून ठेवल्या होत्या, त्यातल्या निम्म्या चुकीच्या.

या सगळ्यात धाकट्याकडं मात्र आमचं थोडं दुर्लक्ष झालं. तो दीड वर्षाचा झाला, पावणेदोनचा झाला, तरी बोलेना. दूध हवं तर हात पिळून दाखवायचा, भाकरी हवी तर थापून दाखवायचा. बायको पुन्हा खचली. एका दुपारी ती म्हणाली, "यालाबी तसंच असलं तर?"

मी म्हणालो, "असलं तर असलं. आता आपल्याला येतं."

मी ते तिला धीर द्यायला म्हणालो नव्हतो, खरंच तसं वाटत होतं. पण तशी वेळ आली नाही. गोठ्यात गाय हंबरली आणि तो रांजणाआडून धावत बाहेर आला, गोठ्याकडं बघायला लागला. त्याला सगळं ऐकू येत होतं. घरात सगळ्यात जास्त वेळ तो बहिणीपाशी असायचा आणि तिचीच भाषा त्याला आधी आली होती, एवढंच. तोंडानं तो दोन वर्षं उलटल्यावर बोलला, आणि बोलायला लागला तेव्हा एका हातानं खुणा करतच बोलायचा. ती सवय त्याची मोठेपणीही गेली नाही.

निजामी संपली तेव्हा पोरगी बारा-तेरा वर्षांची होती. सरकी काढणं, शेंगा फोडणं, म्हशीचं सगळं ती करायची, आणि चुन्यानं भिंतीवर काढून मी तिला अक्षरंही शिकवली होती. तिचं लग्न होणार नाही असं सगळे म्हणत. पुढं ते झालंही, जाफराबादेजवळच्या गावात. त्या घरी तिला पहिल्यांदा सोडायला गेलो तेव्हा मी पाहुण्यासारखा बैठकीत बसलो नाही. तिच्या सासूला, दिराला आणि नवऱ्याला अंगणात बसवलं आणि भाकरीच्या खुणेपासून सुरुवात केली. जेवणं तिसऱ्या प्रहरापर्यंत थांबली. त्यांना काल आणि उद्या दाखवता आल्याशिवाय मी पानावर बसलो नाही.